धागा : अल्झायमर आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या – आधी रक्त तपासा, मग मेडिकलात जा

औषधपेटी (धागा यांनी सुरू केला)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी – कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी रोजचीच आहे : "घरातल्या म्हाताऱ्यांचं विसरायला चालू झालंय, ताकदीचं काहीतरी द्या." मग बी-कॉम्प्लेक्स, माशाच्या तेलाची कॅप्सूल, जिंकगो (एका झाडाच्या पानांचा अर्क), ब्राह्मीचं सिरप, व्हिटॅमिन ई असं एकेक पिशवीत पडत जातं. महिन्याला हजार-दोन हजार जातात आणि रक्ताची एक साधी तपासणी मात्र झालेली नसते. यासाठी हा धागा.

मुख्य गोष्ट पहिल्यांदा. अल्झायमर थांबवणारं किंवा मागे फिरवणारं एकही सप्लिमेंट आज नाही. या आजारात मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइडचे थर साठतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते होतात. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं १९०६ साली हेच थर आणि गुंते मांडले होते. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून हे चाललेलं असतं, त्यामुळे विसरणं जाणवल्यावर एखादी कॅप्सूल ते धुऊन काढेल ही आशा धरू नका.

तरीही सप्लिमेंटचा विषय टाकून देण्यासारखा नाही. विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. बी-१२ कमी असणं, थायरॉईड मंद असणं, सोडियम उतरणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, चालू असलेली औषधं – या सगळ्यांनी माणूस विसरतो, आणि यातलं बरंचसं वेळेत सापडलं तर सुधारतं. शिवाय खरोखर अल्झायमर असलेल्याला वरून बी-१२ कमी असेल तर तो आहे त्यापेक्षा जास्त खचलेला दिसतो.

म्हणून पहिली गोळी घेण्याआधी हे करून घ्या : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या तपासण्या, व्हिटॅमिन डी, आणि एकदा मेंदूचा सीटी किंवा एमआरआय. मग न्यूरॉलॉजिस्ट. बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात न्यूरॉलॉजी विभाग आहे. तेवढं जमत नसेल तर बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) जिल्हा इस्पितळात मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा.

लॅबवाली

वरच्या यादीत एक भर घालते. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन चालू झाल्यावर केलेल्या तपासणीतून मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही. एका इंजेक्शननंतर आकडा १५०० च्या वर गेलेला दिसतो आणि घरचे समजतात, "बी-१२ तर भरपूर आहे." म्हणून रक्त आधी, औषध नंतर.

आकडे असे वाचा. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. २०० ते ३०० हा मधला पट्टा. या पट्ट्यातल्या माणसाला हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत होणं किंवा विसरणं असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड बघायला सांगतात. बी-१२ कमी असलं की हे दोन्ही वाढतात. किडनी अधू असेल तरीही वाढतात, म्हणून क्रिएटिनिन सोबत असावंच. आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं असेल असं धरू नका. रक्त ठीक असताना नसा आणि मेंदूवर परिणाम झालेला असू शकतो.

होमोसिस्टीनची आपल्याकडची खरी अडचण नमुन्याची आहे. रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवून तासाभरात सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून, प्लाझ्मा वेगळा करायचा असतो. तसं झालं नाही तर तांबड्या पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटाच वाढतो. रामदुर्ग, बैलहोंगल, खानापूरच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढलेली नळी दुपारच्या गाडीनं बेळगावला येणार असेल तर आधी विचारा : "सेंट्रिफ्यूज इथं आहे काय?" नसेल तर ही एक तपासणी शहरात येऊनच करा. बाकीच्या तालुक्यात चालतात.

अजून एक. केस गळायच्या गोळ्यांत बायोटिन ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि बी-१२ खोटं जास्त दिसतं. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

हिंडलगा_रोड

दोन प्रश्न. वय ७३, शाकाहारी, बारा वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू, ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पँटोप्राझोल. बी-१२ आलं १८६. मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२) १५०० मायक्रोग्रॅमची गोळी पुरेल की इंजेक्शनच लागेल? दुसरं, मेडिकलातून आलेल्या स्ट्रिपवर मिथाइलकोबालामिनच्या खाली बारीक अक्षरात अजून एक नाव आहे, "प्रेगाबालिन ७५". ते चालेल काय?

औषधपेटी

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. ती स्ट्रिप आज रात्री देऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा. प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध आहे. म्हाताऱ्या माणसाला त्यानं गुंगी येते, तोल जातो, आणि ज्याला मुळातच आठवत नाही त्याचा गोंधळ वाढतो. मधुमेहात पायाची आग होते म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसतं बी-१२ हवं असताना ही जोडगोळी हातात पडणं फार वेळा घडतं, कारण दोन्ही पाकिटांवर मोठ्या अक्षरातलं नाव जवळजवळ सारखं असतं आणि शेवटी फक्त दोन अक्षरं किंवा "प्लस" एवढाच फरक असतो. गॅबापेंटिन, नॉरट्रिप्टिलीन यांच्याबरोबरही अशाच जोड्या येतात. स्ट्रिप उलटी करून "प्रत्येक गोळीत काय" ती ओळ पूर्ण वाचायची. बरेच महिने ही गोळी चालू असेल तर मात्र एका दिवसात तोडायची नाही, डॉक्टरांच्या सांगण्यानं उतरवायची.

आता पहिला. मेटफॉर्मिननं आतड्यातून बी-१२ शोषून घेणं कमी होतं. पँटोप्राझोलनं पोटातलं आम्ल कमी होतं, मग अन्नातलं बी-१२ प्रथिनापासून सुटतच नाही. त्यात शाकाहार. तिन्ही एकत्र आल्यावर १८६ आलं तर आश्चर्य नाही. म्हणून मेटफॉर्मिन बंद करायचं नसतं, बी-१२ भरून काढायचं असतं.

विसरणं, मुंग्या, तोल जाणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शननं सुरुवात करतात : १००० मायक्रोग्रॅम एक दिवसाआड आठवडाभर, मग आठवड्याला एक असं महिनाभर, मग महिन्याला एक. लक्षणं नसतील तर तोंडाने रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅम पुरतं. एवढा मोठा डोस कशाला, तर शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी साधारण एक टक्का आपोआप आत जातो. हजारातले दहा मायक्रोग्रॅम मिळाले तरी रोजच्या गरजेच्या चौपट झाले. १५०० ची गोळी या हिशेबात बसते. जनऔषधी केंद्रातही मिथाइलकोबालामिन मिळतं, महागडं पाकीट घेतलंच पाहिजे असं काही नाही.

दोन सावधगिऱ्या. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम चालू करू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आणि हिमोग्लोबिन फारच उतरलेलं असेल तर पहिल्या आठवड्यात पोटॅशियम झपकन खाली जाऊ शकतं, तेव्हा ते बघत इंजेक्शनं द्यावी लागतात. असा माणूस घरी कंपाउंडरकडून इंजेक्शन घेण्यासारखा नसतो.

हिंडलगा_रोड

स्ट्रिप बाजूला काढली. सुधारणा किती दिवसांत दिसते?

औषधपेटी

रक्तातला बदल आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो. नसा आणि मेंदूला तीन ते सहा महिने द्या. कमतरता किती जुनी यावर सगळं आहे. सहा महिन्यांनी आकडे सुधारले, पण विसरणं पुढेच चाललंय, तर कारण दुसरं आहे असं समजून पुढच्या तपासणीला चला. बी-१२चा डोस अजून वाढवून काही होत नाही. अल्झायमरच्या रुग्णांना बी-६, बी-१२ आणि फोलिक ॲसिड मोठ्या डोसात १८ महिने देऊन अमेरिकेत पाहिलंय, २००८ साली निकाल आला : होमोसिस्टीन उतरलं, पण घसरण थांबली नाही. उलट ऑक्सफर्डच्या २०१० च्या अभ्यासात सौम्य विसराळूपणा असलेल्यांमध्ये मेंदू आकसण्याचा वेग सरासरी तीस टक्के कमी झाला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन जास्त होतं त्यांना फायदा जास्त. म्हणजे कमतरता असेल त्याला, आणि लवकर.

निपाणीकर

माशाच्या तेलाचं आणि व्हिटॅमिन ई ४०० चं काय? दोन्ही एकाच चिठ्ठीवर आहेत.

औषधपेटी

व्हिटॅमिन ई बद्दल थोडं सविस्तर, कारण या सगळ्या यादीत अल्झायमर झालेल्यांवर थोडा का होईना परिणाम दिसलेलं हे एकच. २०१४ साली ६१३ रुग्णांच्या अभ्यासात रोज २००० युनिट देऊन पाहिलं. अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं स्वतः करण्यातली घसरण वर्षाला १९ टक्क्यांनी मंदावली, म्हणजे साधारण सहा महिन्यांची सवलत. स्मरणशक्तीत फरक नाही. २००० युनिट म्हणजे ४०० च्या पाच कॅप्सूल. चिठ्ठीवरची एक कॅप्सूल म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, आणि एवढ्याचा फायदा कुठं सिद्ध नाही. पाच देण्याचा निर्णय मात्र घरी करायचा नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि पुरुषांमध्ये रोज ४०० युनिटनं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. सौम्य विसराळूपणात तर ई चा उपयोग झालेलाच नाही.

माशाचं तेल : त्यातला महत्त्वाचा भाग डीएचए, ही एक ओमेगा-३ चरबी. अल्झायमरच्या ४०२ जणांना रोज दोन ग्रॅम डीएचए दीड वर्ष दिलं, २०१० साली निकाल आला, फरक नाही. जिंकगो : तीन हजारांवर वृद्धांना १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सरासरी सहा वर्षं, स्मृतिभ्रंश टळला नाही.

खरा धोका बेरजेत आहे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आधीच चालू असतं, त्यावर जिंकगो, त्यावर ई, त्यावर माशाचं तेल. प्रत्येकानं रक्त थोडं थोडं पातळ होतं. वॉरफेरिन किंवा असेनोकुमरोल ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्याला यातलं काहीही नवीन देण्याआधी आणि दिल्यावर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघायलाच हवा.

कारिवणा

वैद्यकीच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या बाजूने लिहितो. ब्राह्मी म्हणून आपल्या भागात दोन वेगळ्या वनस्पती चालतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक मंडूकपर्णी, म्हणजे आपला कारिवणा, कन्नडमध्ये ओंदेलग. जमिनीलगत पसरते, लांब देठ, देठाच्या टोकाला एकच गोलसर पान, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा दातेरी. दुसरी जलब्राह्मी : ओल्या बांधावर, पाटाच्या कडेला येते, पानं बोटाच्या पेराएवढी, मांसल, देठ जवळजवळ नाही, समोरासमोर दोन-दोन, फूल पांढरट किंवा फिकट जांभळं. ज्या अभ्यासांत ब्राह्मीचा उपयोग दिसला असं सांगतात ती बहुतेक ही जलब्राह्मी, तिचा अर्क रोज ३०० मिलिग्रॅम, बारा आठवडे, आणि तोही निरोगी वृद्धांमध्ये. अल्झायमर बरा झाल्याचा पुरावा त्यात नाही. हे मी वैद्यकीवर प्रेम असूनच म्हणतो, खोटी आशा देणं हे शास्त्राचं काम नव्हे.

बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा : बाकोपा मोनिएरी की सेंटेला एशियाटिका. दोन्हीपैकी काहीच लिहिलं नसेल तर घेऊ नका. पोट रिकामं असताना दिली तर मळमळ आणि पातळ शौचाला होतं, म्हणून जेवणानंतर. कारिवण्याची चटणी किंवा ताकातली तंबळी आठवड्यातून दोनदा जेवणात घ्यायला काहीच हरकत नाही, ते अन्न आहे.

भस्म आणि रसौषधी (पारा-धातूंची औषधं) मात्र कुणी "मेंदूसाठी" म्हणून सुटी पुडीत बांधून दिली तर अजिबात नको. पारा आणि शिसं यांचा पहिला मार मेंदूवर आणि किडनीवरच बसतो. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पतींवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था बेळगावातच, नेहरूनगरात आहे. अशा शहरात पुडीवर विश्वास ठेवायची वेळ येऊ नये.

औषधपेटी

वैद्यबुवांशी पूर्ण सहमत, एक जोडतो. अल्झायमरसाठी डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मीन चालू असेल तर ब्राह्मीचा अर्क सांगितल्याशिवाय देऊ नका. अर्काचा परिणाम काही प्रमाणात त्याच दिशेचा आहे. नाडी मंद होणं, भोवळ, जुलाब वाढू शकतात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी आधीच खाली असते. ५० च्या खाली गेली किंवा भोवळ आली तर लगेच दाखवा.

निपाणीकर

आणि हळद? सांगलीची हळद जवळच आहे, दुधातून रोज देतात बरेच जण.

कारिवणा

द्या, स्वयंपाकात हवी तेवढी. पण हळदीत कुरकुमिन साधारण तीनच टक्के. एक चमचा, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत नव्वद मिलिग्रॅम, आणि त्यातलंही अगदी थोडं शोषलं जातं. अल्झायमरच्या रुग्णांना रोज दोन ते चार ग्रॅम कुरकुमिन देऊनही उपयोग दिसला नाही. मिऱ्याचं पिपेरीन घातलेल्या कॅप्सूलनं शोषण वाढतं, पण फेनिटोइनसारख्या औषधांची पातळीही वाढते. फिटची औषधं चालू असतील तर त्या नकोतच. त्या घेऊन कावीळ झाल्याच्याही नोंदी आहेत.

चुलीपाशी

गोळ्यांचं पुष्कळ झालं, आता ताटाचं बोलूया. या आजारात वजन उतरणं हे विसरण्याइतकंच मोठं संकट आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. ५० किलोचं माणूस सहा महिन्यांत अडीच किलो उतरलं तर ती धोक्याची खूण. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली हेच सांगितलं : आठवण सुधारावी म्हणून व्हिटॅमिनं आणि ओमेगा-३ देऊ नका, कमतरता असेल तरच द्या, पण वजन टिकावं म्हणून प्रथिनांचं पूरक पेय जरूर द्या.

प्रथिनं किलोमागे एक ग्रॅम धरा. ५० किलोला ५० ग्रॅम. हे प्रोटीन पावडरचा डबा न आणता घरात बसतं : दोन पेले दूध १३, दोन अंडी १२, ज्वारीच्या दोन भाकरी १२, वाटीभर घट्ट वरण ६, वाटीभर दही ५, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट ४. झाले ५२. अंडं चालत नसेल तर पनीर ६० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

भाकरी कोरडी देऊ नका. आमटीत किंवा ताकात पाच मिनिटं भिजवून कुस्करा. शेंगदाणे अख्खे नकोत, घशात अडकतात. जवसाची चटणी आपल्याकडे असतेच, चांगलीच आहे, फक्त जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए फार थोडं होतं. डीएचए हवं तर गोव्याहून किंवा कारवारहून येणारा बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, काटे स्वतः चाचपून काढून. शाकाहारी घरात बी-१२ साठी दूध-दही हाच आधार, पण पाव लिटर दुधातून दिवसाची अर्धीच गरज भागते. स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या) गोळीवर बी-१२ छापलेलं असतं, ते माणसाच्या शरीराला वापरता न येणाऱ्या प्रकारचं असतं.

दहीभात स्टीलच्या ताटात वाढला तर या आजारात तो नीट दिसतच नाही. पांढऱ्यावर चकाकी, नजर ठरत नाही. गडद निळी किंवा लाल थाळी घ्या, एका वेळी एकच पदार्थ वाढा, टीव्ही बंद. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास चहाच्या चमच्याएवढा, गिळल्याचं बघून पुढचा. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. पाणी पिताना ठसका, आवाज ओला येणं, वारंवार ताप – यातलं काही असेल तर गिळण्याची तपासणी हवी. तोपर्यंत गोळ्या तोंडात कोंबू नका. कुठली गोळी कुटून देता येते ते मेडिकलात विचारा, सगळ्या येत नाहीत.

लॅबवाली

व्हिटॅमिन डी राहिलं. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एक, असं आठ आठवडे. ते रोज एक घेतल्याचे रिपोर्ट लॅबला दिसतात : डी १५० नॅनोग्रॅमच्या वर, कॅल्शियम १२. माणूस जास्तच गोंधळलेला, तहान, बद्धकोष्ठ, लघवी जास्त, आणि घरचे समजतात आजार वाढला. कॅलेंडरवर रविवारी खूण करा आणि बाकीची पाकिटं कपाटात कुलपात ठेवा. कुणी वरून ६ लाख युनिटचं इंजेक्शनही दिलंय काय ते आठवून सांगा.

शहापूर_पेठ

खोबरेल तेल रोज चार चमचे द्या म्हणून एक व्हिडिओ फिरतोय.

चुलीपाशी

ज्या मध्यम साखळीच्या चरबीचं नाव घेतात ती खोबरेलात साधारण पंधरा टक्केच, बाकी निम्मं लॉरिक ॲसिड. चार चमच्यांनी जुलाब आणि कोलेस्टेरॉल. फोडणीत वापरा, औषध म्हणून नको.

औषधपेटी

शेवटी, काढून टाकायच्या गोष्टी. नवीन गोळी घालण्यापेक्षा यानं फरक लवकर पडतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, खोकल्याच्या बाटलीतलं डायफेनहायड्रामीन, पोटदुखीचं डायसायक्लोमीन, खाजेचं हायड्रॉक्सिझीन, झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन, कंपासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल – ही सगळी आठवणीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाच्या विरुद्ध काम करतात, आणि डोनेपेझिल तेच ॲसिटिलकोलिन वाढवायला दिलेलं असतं. एका हातानं घागर भरायची आणि दुसऱ्या हातानं तळाला भोक पाडायचं. पहिली चार स्वतः विकत आणू नका. शेवटची दोन आणि झोपेची अल्प्राझोलाम चिठ्ठीवर असतील तर अचानक तोडू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा.

निपाणीकर

मराठी माणसाची विस्मृतीची परीक्षा कन्नड किंवा इंग्रजीत घेतली तर गुण कमी येतील ना?

औषधपेटी

येतातच. न शिकलेल्या माणसाचे तर आणखी कमी. चाचणी घेताना "मराठीतून घ्या" असं आधी सांगा, आणि किती शिक्षण झालंय तेही. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, पावडरी, काढे, तेलं एका पिशवीत भरून न्या. नावं लिहून नेऊ नका, वस्तूच न्या. आणि चष्मा, कानाचं मशीन विसरू नका, नाहीतर न ऐकू आलेला प्रश्नही विसरण्यात मोजला जातो.